यूएफसी ३०० बघण्याआधी: तुम्ही पुन्हा पुन्हा पाठवलेले प्रश्न

(शुक्रवार, १२ एप्रिल २०२४. वजनं अजून व्हायची आहेत, त्यामुळे कार्ड (लढतींची यादी) जसं जाहीर झालंय तसं धरून उत्तरं दिली आहेत.)

यूएफसी म्हणजे मिश्र मार्शल आर्ट्सच्या (एमएमए) लढती भरवणारी अमेरिकन कंपनी, आणि हा तिचा ३०० क्रमांकाचा कार्यक्रम. गेल्या दोन महिन्यांत आलेले प्रश्न एकत्र केले आहेत. तेच ते प्रश्न जोडून टाकले, आणि एका उत्तरात दुसऱ्याचा विषय निघाला तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. शेवटी जिंकणार कोण एवढंच हवं असेल तर थेट प्रश्न ६ पासून वाचा. पण प्रश्न ५ वगळून पुढे गेलात तर माझ्याशी वाद घालायला येऊ नका.

१. कधी आहे? रात्र जागवायची की पहाटे उठायचं?

पहाटे उठायचं. लास व्हेगासच्या टी-मोबाइल अरीनात शनिवार, १३ एप्रिलची दुपार-संध्याकाळ म्हणजे आपल्याकडे रविवार, १४ एप्रिलची पहाट. सुरुवातीचे प्रिलिम्स साडेतीनला, प्रिलिम्स साडेपाचला, मेन कार्ड साडेसातला. शेवटची लढत, म्हणजे मेन इव्हेंट, साडेनऊ-दहाच्या आसपास लागेल. सोनी स्पोर्ट्सच्या वाहिन्या आणि सोनीलिव्ह, दोन्हीकडे बघता येईल.

१४ एप्रिल म्हणजे आंबेडकर जयंती. सकाळी अभिवादनाला जाऊन आलात तरी मेन इव्हेंट हाती लागेल, आणि मिरवणूक तर संध्याकाळीच असते. दुबईकरांनी मेन कार्डसाठी सहा, लंडनकरांनी पहाटेचे तीन आणि सिडनीकरांनी दुपारचे बारा धरावेत. न्यू जर्सीवाल्यांना शनिवारी रात्री दहा, म्हणजे जेवून निवांत.

२. एकूण लढती किती? आणि ही प्रिलिम्स, मेन कार्ड काय भानगड आहे?

तेरा. आधीच्या आठ म्हणजे प्रिलिम्स, शेवटच्या पाच म्हणजे मेन कार्ड. खालून वर जसजसं जावं तसतशी नावं मोठी होत जातात, असा साधा संकेत. या वेळी मात्र तळाची लढतच दोन माजी विजेत्यांची आहे: डेव्हिसन फिगेरेडो आणि कोडी गार्ब्रँट. त्यानंतर बॉबी ग्रीन–जिम मिलर, जेसिका आंद्राजे–मरीना रॉड्रिगेज, रेनाटो मोईकानो–जेलिन टर्नर. मधल्या टप्प्यात सोडिक युसुफ–डिएगो लोपेस, हॉली होम–केला हॅरिसन, कॅल्विन केटर–अल्जामेन स्टर्लिंग आणि यिरी प्रोहाझ्का–अलेक्झांडर राकिच. मेन कार्डवर बो निकल–कोडी ब्रंडेज, चार्ल्स ऑलिव्हेरा–आर्मन सारुक्यान, जस्टिन गेची–मॅक्स हॉलोवे, झांग वेईली–यान शियाओनान आणि शेवटी अ‍ॅलेक्स परेरा–जमाहल हिल.

(‘गेची’च. स्पेलिंग बघून कुणी ‘गाएथजे’ म्हणतं, कुणी ‘गेथजी’. तो स्वतः गेची म्हणतो.)

३. ३०० आकड्याचं एवढं कौतुक कशाला?

आकड्यात जादू काही नाही, पण कंपनी शंभराच्या पटीला मोठं कार्ड लावते. यूएफसी १०० जुलै २००९ मध्ये झालं, २०० जुलै २०१६ मध्ये. या तिन्हींत लढणारा माणूस एकच, न्यू जर्सीचा जिम मिलर. शंभरला मॅक डॅन्झिगला गुणांवर हरवलं, दोनशेला ताकानोरी गोमीला पहिल्याच राउंडमध्ये. आता चाळिशीत तिसरी खेप. यूएफसीत सर्वात जास्त लढती आणि सर्वात जास्त विजय, हे दोन्ही विक्रम त्याच्या नावावर आहेत. विजेतेपदाच्या लढतीपर्यंत मात्र तो कधी पोचला नाही. मला या कार्डवरचा हा सर्वात आवडता माणूस आहे, आणि त्याची लढत पहाटे चारच्या सुमाराला असणार, हे आमचं नशीब.

आणखी एक: २०२४ मध्ये एरवी उत्तम कामगिरीला पन्नास हजार डॉलरचा बोनस असायचा. कालच्या पत्रकार परिषदेत हॉलोवेने सगळ्यांसमोर विषय काढला आणि यूएफसीचा प्रमुख डेना व्हाइटने तो तीन लाख केला. म्हणजे गुणांवर आघाडी असली तरी शेवटच्या मिनिटात कुणी स्वस्थ बसेल असं वाटत नाही.

४. कुस्तीत पाठ टेकली की संपलं. इथे चितपट झालेला माणूस जिंकतो कसा?

कोल्हापूर-सांगलीकडून हा प्रश्न दर वेळी येतो, आणि तो रास्तच आहे. इथे पाठ टेकण्याला काही किंमत नाही. समोरचा बेशुद्ध पडला, पंचाने थांबवलं, त्याने थापटून हार मानली, किंवा वेळ संपून पंचांनी गुण मोजले, बहुधा या मार्गांनी लढत संपते (नियमभंगाचं प्रश्न १५ मध्ये). राउंड पाच मिनिटांचा. साध्या लढतीला तीन, विजेतेपदाला आणि मेन इव्हेंटला पाच. गेची–हॉलोवेही पाचची आहे, त्याचं कारण प्रश्न ८ मध्ये.

आमच्या शेजारी एक निवृत्त पैलवान राहतात. त्यांना मी ऑलिव्हेराची एक जुनी लढत दाखवली. तो पाठीवर पडल्या पडल्या ते म्हणाले, “गेला की रं हा!” आणि चहाचा कप उचलला. ऑलिव्हेराचा एक पाय तोवर समोरच्याच्या मानेवरून गेला होता, दुसरा त्यावर कुलपासारखा बसत होता. पैलवानांनी कप तसाच खाली ठेवला. “खालून डाव हाय व्हय ह्यो?” खालूनच आहे. यूएफसीत सर्वाधिक सबमिशन (पकडीत धरून हार मानायला लावलेले विजय) त्याच्याच नावावर आहेत, आणि त्यातले बरेच अशा जागेवरून निघालेत जिथे आपल्या मातीत हलगी थांबली असती.

दुहेरी पट, एकेरी पट मात्र जसेच्या तसे दिसतील. फक्त पट काढताना मान उघडी पडली तर तिथेच गळा आवळला जातो.

५. दोन खेळाडूंची तुलना नेमकी कशी करायची? उंची, हाताची लांबी, रेकॉर्ड, काय बघू?

हे सगळं पडद्यावर लिहून येतंच. मी एकच गोष्ट विचारतो: ही लढत होणार कुठे, आणि ते ठरवणार कोण?

जागा तीन. मोकळ्यात उभ्याने, रिंगणाभोवतीच्या जाळीला चिकटून, आणि जमिनीवर. प्रत्येकाला एक जागा घरची असते. कोण किती ताकदवान, यापेक्षा कोण कुणाला आपल्या घरी ओढून नेऊ शकतो हे आधी बघा. २५–४ आणि १७–३ असे विजय-पराभवांचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही, कारण ते विजय कुठल्या जागेवर आले ते आकडा सांगत नाही.

दुसरा प्रश्न वेळेचा. घरी नेता येतं, पण किती वेळा? कुस्तीगीर पहिल्या राउंडमध्ये तीनदा पाडतो, दुसऱ्यात एकदा, तिसऱ्यात पट काढायला गेला की गुडघ्यावरच राहतो. तीन राउंडच्या लढतीत हे खपून जातं, पाचच्या लढतीत नाही.

तिसरा, पवित्रा. एकाचा डावा पाय पुढे आणि दुसऱ्याचा उजवा असला की आरशासमोर उभं राहिल्यासारखं होतं आणि नेहमीचे हिशेब चुकतात. उदाहरण लगेच पुढच्याच उत्तरात.

६. परेरा की हिल?

परेरा, पण लोक म्हणतात तितकं सोपं नाही.

आधी पार्श्वभूमी. ब्राझीलचा परेरा बाराव्या वर्षी शाळा सोडून टायरच्या दुकानात कामाला लागला, किकबॉक्सिंगमध्ये ग्लोरी संघटनेचे दोन वजनी गटांतले बेल्ट जिंकले आणि २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये यूएफसीत आला. वर्षभरात इस्राएल अडेसान्याला पाचव्या राउंडमध्ये थांबवून मिडलवेट विजेता. पाच महिन्यांत त्याच्याकडूनच नॉकआउट. मग एक गट वर चढला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रोहाझ्काला दुसऱ्या राउंडमध्ये पाडून ९३ किलोचा लाइट हेवीवेट बेल्टही घेतला. टोपणनाव ‘पोआतान’, म्हणजे दगडी हात.

हा बेल्ट मोकळा का होता? कारण तो हिलने सोडला होता. जानेवारी २०२३ मध्ये रिओत त्याने ग्लोवर टेशेराला पाच राउंड झोडपलं, तिन्ही पंचांनी ५०–४४ दिले. जुलैमध्ये बास्केटबॉल खेळताना टाचेची शीर तुटली आणि त्याने बेल्ट परत केला. म्हणजे बेल्ट तो रिंगणात हरलेला नाही. आणि टेशेरा कोण, तर परेराचा गुरू. त्या रात्री रिओच्या घरच्या प्रेक्षकांसमोर ग्लव्ह्ज काढून ठेवून तो निवृत्त झाला. परेरा आजही त्याच्याकडेच सराव करतो. गुरूचा हिशेब बाकी आहे.

आता लढत. जागेचा प्रश्न इथे सोपा आहे. दोघांनाही उभ्यानेच मारायचंय. परेराला जमिनीवर नेणारा माणूस समोर असता तर मी वेगळं बोललो असतो, पण हिल तसा नाही. मग उरतो पवित्रा. परेराचं पहिलं हत्यार पोटरीवरची लाथ. मोबाइलवर गती कमी करून बघा: खांदा हलत नाही, कंबर जेमतेम वळते, नजर समोरच्याच्या छातीवरच असते, आणि पाय खालून येऊन गुडघ्याखालच्या बाहेरच्या बाजूला बसतो. तीन-चार बसल्या की समोरच्याचा पुढचा पाय जड होतो, तो हलायचा थांबतो, आणि मग डावा हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, येतो. हिल डावखुरा, त्याचा उजवा पाय पुढे. त्यामुळे परेराच्या उजव्या लाथेला त्या पायाची आतली बाजू मिळते, बाहेरची नाही. मार लागतो, पण तसा नाही. म्हणजे परेराला पाय मोडण्याआधीच हुकची वाट शोधावी लागेल, आणि हिलचा सरळ डावा हात नेमका त्याच रेषेतून येतो.

तरीही परेरा, कारण हिल जवळपास पंधरा महिन्यांनी लढतोय, तेही पायाच्या अशा दुखापतीनंतर, आणि त्याच्या बचावात डोकं मधल्या रेषेवर राहतं. दुसरा-तिसरा राउंड. हिल जिंकला तर पहिल्या राउंडच्या गोंधळात जिंकेल.

७. झांग–यान ही दोन चिनी खेळाडूंची लढत एवढी महत्त्वाची का?

यूएफसीत विजेतेपदासाठी दोन चिनी खेळाडू समोरासमोर येण्याची ही पहिलीच वेळ. पाच वर्षांपूर्वी चीनचा एकही विजेता नव्हता. ऑगस्ट २०१९ मध्ये शेन्झेनला झांगने आंद्राजेला ४२ सेकंदांत संपवलं तेव्हा पहिला बेल्ट चीनमध्ये गेला. रोज नामायुनासकडून ती २०२१ मध्ये दोनदा हरली, नोव्हेंबर २०२२ मध्ये कार्ला एस्पार्झाचा गळा आवळून बेल्ट परत आणला. वजन ५२ किलो, पाच राउंड.

यानकडे साफ आणि भरघोस ठोसे आहेत. गेल्या मे महिन्यात तिनेही आंद्राजेला पहिल्याच राउंडमध्ये झोपवलं. पण प्रश्न ५ लावून बघा. याच एस्पार्झाने २०२१ मध्ये यानला खाली पाडून, हात अडकवून वरून मारत थांबवलं होतं. एस्पार्झा यानला जिथे घेऊन गेली तिथेच झांगने एस्पार्झाला हरवलं. अमुकाने तमुकाला हरवलं म्हणून... हा हिशेब मी एरवी मानत नाही. इथे मानतो, कारण तो माणसांचा नाही, जागेचा आहे. झांग, बहुधा जमिनीवर.

८. बीएमएफ बेल्ट खरा की खोटा?

बेल्ट खरा, विजेतेपद खोटं, असं म्हणा. नावाचा अर्थ घरात मोठ्याने सांगण्यासारखा नाही. ‘सगळ्यात डेंजर माणूस’ एवढं समजा. नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यू यॉर्कला होर्हे मासविदाल आणि नेट डियाझ यांच्यासाठी तो बनवला गेला, ड्वेन जॉन्सनने येऊन कमरेला बांधला. नंतर तो पडून होता. जुलै २०२३ मध्ये गेचीने डस्टिन पोरिएला डोक्यावर लाथ मारून तो मिळवला. क्रमवारीशी त्याचा संबंध नाही, वजनी गटही ठरलेला नाही. पण त्याच्यासाठीची लढत पाच राउंडची होते, आणि आता त्याच्यासाठी लढणाऱ्या गेची-हॉलोवेला पाच राउंड मिळणं हीच खरी कमाई.

९. मग गेची की हॉलोवे?

यावर सर्वात जास्त निरोप आले आणि सर्वात जास्त भांडणंही.

हॉलोवे हवाईच्या वायानाए गावचा, ६६ किलोचा माजी विजेता, आता ७० किलोत येतोय. याआधी एप्रिल २०१९ मध्ये आला होता तेव्हा पोरिएने त्याला गुणांवर हरवलं. ठोसे त्याने मारले, पण पोरिएचे जास्त जड पडले. त्याचं बळ संख्येत आहे. जानेवारी २०२१ मध्ये केटरविरुद्ध एका लढतीत त्याने ४४५ परिणामकारक फटके मारले, तो विक्रम अजून कायम आहे. त्यातला एक फटका तर समालोचकांच्या टेबलाकडे बघून, ‘सर्वोत्तम बॉक्सर मीच’ असं ओरडत दिला. आणि एप्रिल २०२४ पर्यंत यूएफसीत त्याला कुणी नॉकआउट केलेलं नव्हतं.

गेची महाविद्यालयीन कुस्तीत देशपातळीवर चमकलेला, पण एमएमएमध्ये पट क्वचितच काढतो. त्याचं काम एकच: पुढचा पाय तोडायचा, मग डोकं. हॉलोवेच्या संख्येला लय लागते, लयीला पाय लागतात. म्हणून मी पहिले दोन राउंड फक्त हॉलोवेचा डावा पाय बघणार आहे. तो पाय वर उचलून लाथ अडवतोय का, मागे घेतोय का, की नुसती सोसतोय? सोसत असेल तर अवघड आहे. तिसऱ्या राउंडपर्यंत पाय शाबूत राहिला तर पुढे हॉलोवे धावत सुटेल, कारण गेची शेवटाकडे दमतो.

कौल: गेची, गुणांवर, थोडक्यात. मन मात्र हॉलोवेकडे. २०१६ मध्ये रिकार्डो लामासविरुद्ध तो गुणांवर आरामात पुढे होता. शेवटचे दहा सेकंद उरले तेव्हा त्याने रिंगणाच्या मध्यभागी जमिनीकडे बोट दाखवलं, ‘इथे उभा राहा, मारामारी करू’, आणि दोघांनी घंटा होईपर्यंत आंधळे हात चालवले. गेचीसमोर तो असलं काही करणार नाही, इतका शहाणा तो नक्की आहे.

१०. ऑलिव्हेरा–सारुक्यान तीनच राउंडची का? आणि जिंकणाऱ्याला काय मिळणार?

बेल्ट पणाला नाही आणि मेन इव्हेंटही नाही, म्हणून तीन. जिंकणारा ७० किलोचा २०२४ मधला विजेता इस्लाम माखाचेव याच्यासमोर उभा राहण्याची दाट शक्यता. दोघांनाही माखाचेवचं जुनं देणं आहे. ऑलिव्हेरा ऑक्टोबर २०२२ मध्ये अबू धाबीला रिकाम्या बेल्टसाठीच्या लढतीत त्याच्याकडून हरला. सारुक्यान तर २०१९ मध्ये पहिलीच यूएफसी लढत त्याच्याशी लढला, तेही ऐन बाविशीत, आणि हरूनही लोकांच्या लक्षात राहिला.

ऑलिव्हेराची एक मजेशीर सवय बघा. चँडलरने पाडलं, पोरिएने पाडलं, गेचीने पाडलं, आणि तिन्ही लढती तोच जिंकला. कारण तो पडला की मारणारा मागे थबकतो. खाली उतरलो तर गळा जाईल, ही भीती. त्या दोन-तीन सेकंदांत ऑलिव्हेरा शुद्धीवर येतो. सारुक्यान असा थबकणारा नाही. वर राहून दाबून धरायची, घाई न करता गुण गोळा करायची त्याची तयारी आहे, आणि पंधरा मिनिटंच आहेत. डिसेंबरमध्ये बेनिल दारियुशला ६४ सेकंदांत झोपवून हात जड झाल्याचंही त्याने दाखवलं. सारुक्यान, गुणांवर. पहिल्या राउंडमध्ये जीव मुठीत धरून बघा.

११. एवढ्या मोठमोठ्या नावांत पाच लढतींचा बो निकल मेन कार्डवर कसा?

पेन स्टेटकडून तीनदा अमेरिकन महाविद्यालयीन कुस्तीचा विजेता आहे, आणि कंपनीला तो उद्याचा चेहरा वाटतो. स्टर्लिंग, प्रोहाझ्का, होम खाली आणि हा वर, ही तक्रार मलाही पटते. लढतीबद्दल बोलण्यासारखं फार नाही. निकल खाली नेईल.

१२. प्रिलिम्सपैकी एखादीच बघायला जमणार आहे. कुठली?

होम–हॅरिसन.

हॅरिसन ज्यूदोची दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकं मिळवलेली, लंडन २०१२ आणि रिओ २०१६, दोन्ही ७८ किलोत. एमएमए ती मुख्यतः ७० किलोत लढली. रविवारी तिला ६१ किलोत उतरायचंय, आयुष्यात पहिल्यांदा. म्हणून तिची खरी पहिली लढत आज रात्री तराजूशी (प्रश्न १३). होम ४२ वर्षांची, बॉक्सिंगची माजी जगज्जेती. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये मेलबर्नला तिने राउंडा राउझीला लाथेने पाडलं होतं. राउझीही ज्यूदोची ऑलिम्पिक पदकविजेतीच. लोक म्हणतात, इतिहास पुन्हा घडेल. मला वाटत नाही. अलीकडे होम स्वतःच समोरच्याला जाळीला चिकटवून वेळ काढते, आणि जाळीला चिकटून अंगाला अंग लागणं म्हणजे हॅरिसनचं घर. राउझी पाठलाग करत गेली आणि फसली. हॅरिसनला पाठलाग करावाच लागणार नाही.

झोप झाली असेल तर प्रोहाझ्का–राकिचही सोडू नका. एकजण हात खाली सोडून कुठूनही मारतो, दुसरा पाठ्यपुस्तकासारखा लढतो, पण गुडघ्याच्या दुखापतीमुळे मे २०२२ नंतर लढलेलाच नाही.

१३. वजन भरलं नाही तर काय होतं?

साध्या लढतीत गटाच्या मर्यादेवर एक पौंड, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम सवलत असते. विजेतेपदाच्या लढतीत ती नसते. वजन जास्त भरलं तर समोरच्याच्या संमतीने लढत होते, आणि मानधनाचा ठरलेला हिस्सा त्याला जातो. टीव्हीवर संध्याकाळी दिसणारं वजन हा केवळ समारंभ. खरं वजन सकाळीच झालेलं असतं, आपल्याकडे आज रात्री.

आणि बेल्टधारकाचंच वजन जास्त भरलं तर? हे मे २०२२ मध्ये घडलं, आणि त्यातले दोघेही या कार्डवर आहेत. ऑलिव्हेरा विजेता, गेची आव्हानवीर. मर्यादा १५५ पौंड. ऑलिव्हेरा सगळे कपडे उतरवून टॉवेलच्या आडोशाला उभा राहिला, काटा १५५.५ वर. तासभर दिला, तरी अर्धा पौंड उतरेना. बेल्ट तिथेच, तराजूवर गेला. लढत तरीही झाली. नियम असा की गेची जिंकला तर विजेता, ऑलिव्हेरा जिंकला तर बेल्ट रिकामा. ऑलिव्हेराने पहिल्याच राउंडमध्ये गळा आवळला, आणि जिंकूनही रिकाम्या हाताने घरी गेला.

वजन भरूनही लढत मोडू शकते. फेब्रुवारी २०२१ मध्ये बॉबी ग्रीन वजन देऊन कोसळला आणि त्याची लढत रद्द झाली. समोर कोण होता? जिम मिलर. तीच लढत आता होतेय.

१४. गुण कसे देतात? बरोबरी झाली तर बेल्ट कुणाचा?

प्रत्येक राउंड वेगळा मोजतात. जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला बहुधा ९, फारच धुलाई झाली तर ८. आधी बघतात मार किंवा पकड किती परिणामकारक होती ते. त्यात फरक करता आला नाही तरच आक्रमकता आणि रिंगणावरचा ताबा. म्हणून नुसतं पुढे पुढे चालणारा किंवा पाडून वर निवांत पडून राहणारा राउंड जिंकेलच असं नाही.

बरोबरीत बेल्ट जुन्या विजेत्याकडे राहतो. डिसेंबर २०२० मध्ये फिगेरेडोने ब्रँडन मोरेनोविरुद्ध कमरेखाली लाथ मारल्याबद्दल एक गुण गमावला आणि लढत बरोबरीत सुटली. तो एक गुण कापला नसता तर फिगेरेडो जिंकला असता. तरी बेल्ट त्याच्याकडेच राहिला.

१५. डोळ्यात बोट गेलं, लढत थांबली. आता कोण जिंकलं?

मुद्दाम की चुकून, हे आधी बघतात. मुद्दाम केलेल्या नियमभंगाने समोरचा लढू शकत नसेल तर करणारा बाद. मार्च २०२१ मध्ये पेट्र यानने गुडघ्यावर असलेल्या स्टर्लिंगच्या डोक्यात गुडघा मारला आणि नियमभंगावर बेल्टच स्टर्लिंगकडे गेला. तेव्हा लागल्याचं सोंग करणारा ‘नट’ म्हणून त्याला चिडवणारे बरेच होते. पुढे त्याने यानला पुन्हा हरवलं आणि ती कुजबुज बंद झाली.

चुकून झालं तर वेळ मोजतात. तीन राउंडच्या लढतीत दोन, किंवा पाचच्या लढतीत तीन राउंड पूर्ण व्हायच्या आत थांबली तर निकाल नाही. त्यानंतर थांबली तर तोवरचे गुण मोजून निकाल.

एक विचित्र नियमही होता, तो २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत चालला. घड्याळाच्या बारावरून सहाकडे, म्हणजे सरळ वरून खाली कोपर मारायला बंदी होती. तिरपं मारलं तर चालायचं. जॉन जोन्सच्या नावावरचा एकमेव पराभव याच नियमाने आलेला, डिसेंबर २००९ मध्ये, तो साफ जिंकत असताना.

१६. हिल आणि ऑलिव्हेराच्या रेकॉर्डपुढे कंसात १ लिहिलेला असतो, तो काय?

‘निकाल नाही’ ठरलेली लढत. ती विजयात नाही, पराभवातही नाही. हिलने २०२० मध्ये क्लिड्सन अब्रेऊला हरवलं होतं, पण चाचणीत गांजाचा अंश सापडल्याने निकाल रद्द झाला. ऑलिव्हेराचा २०११ चा निक लेंट्झवरचा विजय बेकायदा गुडघा मारल्यामुळे रद्द झाला. त्यामुळे ‘यूएफसी ३०० च्या आधी हिल एकदाच हरला’ हे बरोबर आहे. तो पराभव पॉल क्रेगकडून, हात निखळल्यावर.

१७. एकही भारतीय का नाही?

या कार्डवर जागाच माजी विजेत्यांना पुरली नाही. यूएफसीत आपली माणसं मोजकीच. मुंबईचा भरत खंडारे पहिला. नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला सोंग याडोंगसमोर उतरला आणि पहिल्याच राउंडमध्ये गळ्याच्या पकडीत सापडला. कुस्तीतून आलेला माणूस पट काढायला गेला आणि मान अडकली. प्रश्न ४ मध्ये लिहिलंय तेच. एप्रिल २०२४ मध्ये उत्तराखंडचा अंशुल जुबली होता आणि करारबद्ध झालेली पूजा तोमर, तिची पहिली लढत तेव्हा व्हायची होती.

१८. पैसे कुणावर लावू?

कुणावरही नका लावू, निदान मला विचारून तरी नका. सट्ट्याचे भाव आणि टिप्स इथे मिळणार नाहीत. वरचे कौल चहावरच्या पैजेपुरते.

१९. बायको/आई म्हणते एकच लढत बघ आणि उठ. कुठली बघू?

गेची–हॉलोवे. साडेआठच्या पुढेमागे लागेल. पंचवीस मिनिटांची लढत, मध्ये एकेक मिनिटाची विश्रांती, म्हणजे पोहे टाकायला सांगून बसलात तर पोहे आधी होतील. टीव्हीसमोर घेऊन बसा, पण शेवटच्या राउंडमध्ये ताटलीकडे बघू नका.